फरकाचा रकाना

वहीत पाच रकाने.
तारीख, उगवायची वेळ, दिशा, सर्वांत जास्त उंची,
आणि शेवटचा, जो रात्री गच्चीवरून उतरल्यावर भरतो:
फरक.

दिवसा उद्यमबागेत लेथवर असतो मी.
तिथं फरक मायक्रोनमध्ये.
केसाच्या जाडीचा पाव हिस्सा जास्त गेला
की बुशिंग भंगारात आणि कुलगोड सुपरवायझर डोक्यावर.
इथं सेकंद चालतात. कधी मिनिटसुद्धा.
म्हणून रात्री जरा मोकळं वाटतं.

सूत्राला आधी सांगावं लागतं, आपण कुठं उभे आहोत.
मच्छे गाव: पंधरा अंश सत्तेचाळीस कला उत्तर,
चौऱ्याहत्तर अंश अठ्ठावीस कला पूर्व,
समुद्रापासून साडेसातशे मीटर, अधिक आमचा जिना.
एवढंच विचारतं ते.
पहिल्यांदा भरलं तेव्हा मी पान खाली सरकवून बघितलं होतं,
आणखी काही विचारतंय का.

मग त्या वस्तूचे आकडे.
कक्षा किती कललेली, किती लांबट,
वर चढताना विषुववृत्त कुठं ओलांडते.
त्या बिंदूला पात म्हणतात.
चंद्राच्या पाताला आपण राहू म्हणत आलो,
त्याच्या नावानं उडीद दान करत आलो.
माझ्या या वस्तूलाही तिचा राहू आहे,
रोज थोडा पश्चिमेला सरकणारा,
कुणाच्याच पत्रिकेत नसलेला.

वस्तू म्हणजे रॉकेटची रिकामी टाकी.
काम संपल्यावर वरच राहिली, चौतीस वर्षं.
कोलांट्या खात जाते म्हणून चमकते,
दर नऊ सेकंदांनी एकदा.

शेजारच्या गच्चीवर इराप्पा, पॅटर्न शॉपचा.
मी वेळ ओरडून सांगतो, तो चष्मा पुसतो.
"कुठं बघूलालास? चंदगडच्या अंगाला बघ की!"
"बंतु," म्हणतो तो, माझ्या आधी,
आणि मोजायला लागतो: ओंदु, येरडु, मूरु...
मी मराठीत मोजतो. बेरीज जुळते.
राजहंसगडाच्या वर आली की ती पृथ्वीच्या सावलीत शिरते.
मावळत नाही. विझते.
"होयतु," म्हणतो इराप्पा,
तरी आम्ही दोघं कित्तूरकडं मान वळवत राहतो,
न दिसता ती जिथं असायला हवी तिथं तिथं.

आकडे शिळे होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सोमवारचे शुक्रवारी वापरले तर चार सेकंदांची चूक.
सूर्य खवळला की वरची हवा फुगते,
नसल्यासारखीच ती हवा, पण टाकीला घासते,
टाकी खाली येते,
आणि खाली आली की आणखी जोरात पळते.
हे इराप्पाला पटत नाही.
"ब्रेक लागल्यावर कोण पळतंय?"
मला सूत्र येतं, समजावता येत नाही.

फेब्रुवारीत फरक वाढत गेला.
बारा सेकंद लवकर. एकोणीस.
एकदा चाळीस: इराप्पा चष्माच पुसत होता, तोवर निघून गेली.
मी रकाना लाल पेनानं भरायला लागलो.
लेथवर असं झालं तर आम्ही म्हणतो, टूल झिजलं.

पडली ती दक्षिणेच्या समुद्रावर कुठंतरी.
कुणी बघितलं नाही.
यादीत तिच्या क्रमांकापुढं एक तारीख आली, बस.
वहीत मात्र पुढच्या गुरुवारपर्यंतच्या वेळा
मी काढून ठेवल्या होत्या, शाईनं.

बुधवारी, का कुणास ठाऊक, सात चौदाला वर गेलो.
इराप्पा आधीच उभा.
कठड्यावर त्यानं खडूनं वेळ लिहून ठेवलेली,
कन्नड आकड्यांत, गोल गोल.
मी सांगायला तोंड उघडलं.
"थांब जरा," तो म्हणाला, "फरक असेल."

सात सोळा. सात अठरा.
चंदगडच्या बाजूला एक तारा, नेहमीचाच, जागचा न हलणारा.
खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
"ओंदु," म्हणाला इराप्पा, सवयीनं.
मी वही उघडली नाही.